सुझुकी कांतारो यांच्यावर चरित्रलेख कसा लिहावा

जपानी नौदलातले ॲडमिरल आणि १९४५ साली पंतप्रधान झालेल्या सुझुकी कांतारो यांच्यावरचे बहुतेक छोटे लेख तीन चित्रांवर उभे असतात: १९०५ सालची त्सुशिमाची (रशियाविरुद्धच्या नौदल-लढाईची) रात्र, १९३६ साली अंगात घुसलेल्या गोळ्या आणि १९४५ सालची शरणागती. तिन्ही चित्रं खरी आहेत, पण त्यांच्यामधला सांधा कोणी दाखवत नाही. मग वाचकाला पडणारा साधा प्रश्न तसाच राहतो: पाणतीर (टॉर्पेडो) सोडण्यात हयात घालवलेल्या माणसाला वयाच्या ७७व्या वर्षी पंतप्रधान कोणी केलं, आणि का? हा सांधा १९२९ ते १९३६ या जवळजवळ आठ वर्षांत आहे. तेव्हा सुझुकी जहाजावर नव्हते, मंत्रिमंडळातही नव्हते. ते सम्राटाच्या दाराशी होते. लेखाची आखणी याच वर्षांभोवती करा.

दोन हजार शब्दांचा लेख असेल तर जागेची वाटणी साधारण अशी ठेवावी: जन्म आणि शिक्षण १५०, समुद्रावरची वर्षं ४५०, १९१४ ते १९२८ची मोठी पदं ३००, राजवाड्यातला काळ ४००, १९४५चे चार महिने ६००, शेवट १००. बहुतेकांची वाटणी उलटी होते. त्सुशिमावर हजार शब्द खर्ची पडतात आणि राजवाडा एका वाक्यात उरकला जातो.

आधी माणूस नक्की करा

जपानमध्ये नौदलातून वर आलेले पंतप्रधान सहा: यामामोतो गोन्नोह्योए (१९१३–१४ आणि पुन्हा १९२३–२४), कातो तोमोसाबुरो (१९२२–२३), साइतो माकोतो (१९३२–३४), ओकादा केइसुके (१९३४–३६), योनाइ मित्सुमासा (१९४०) आणि सुझुकी (१९४५). या सहांच्या भोवती नामसाधर्म्याचं रान माजलेलं आहे. यामामोतो गोन्नोह्योए म्हणजे पर्ल हार्बरचे यामामोतो इसोरोकु नव्हेत. त्सुशिमाचे सेनापती तोगो हेइहाचिरो आणि १९४५चे परराष्ट्रमंत्री तोगो शिगेनोरी यांचं एकमेकांशी काही नातं नाही. दोघांची आडनावं जपानी लिपीत एकाच चित्राक्षरांनी लिहिली जात असूनही. सुझुकी हे तर जपानमधल्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या आडनावांपैकी एक. १९८० साली सुझुकी झेन्को नावाचे दुसरे सुझुकी पंतप्रधान झाले, आणि त्यांचा नौदलाशी संबंध नव्हता.

याच्या उलटाही घोटाळा होतो. कातो कांजी आणि कातो हिरोहारू ही दोन माणसं समजून लिहिलेलं पुष्कळ आढळतं. माणूस एकच आहे. चित्राक्षरं तीच, वाचन दोन. हे कातो सुझुकींच्या चरित्रात फार महत्त्वाचे आहेत, तेव्हा एक रूप निवडा, पहिल्या उल्लेखात दुसरं एकदा सांगा आणि मग बदलू नका.

नाव लिहिताना आडनाव आधी ठेवलेलं बरं. जपानीत तसंच म्हणतात, आणि सूची करताना घोळ होत नाही. काही ठिकाणी आडनाव आधी, काही ठिकाणी नंतर असं मात्र करू नका. वाचकाला ‘कांतारो’ हे आडनाव वाटायला लागतं.

तारखांचं गणित

सुझुकींचं जन्मवर्ष कुठे १८६७ तर कुठे १८६८ दिसतं. दोन्हींच्या मागे एकच नोंद आहे: केइओ ३, बारावा महिना, २४वा दिवस. (केइओ, आणि पुढे येणारी मेइजी, ताइशो, शोवा ही जपानी कालखंडांची नावं. वर्षं त्या त्या कालखंडाच्या सुरुवातीपासून मोजतात.) ही चांद्र तिथी आहे. केइओ ३ हे वर्ष बहुतांश १८६७शी जुळतं, पण त्याचा शेवटचा महिना १८६८च्या जानेवारीत जातो. शकाचं इसवीत रूपांतर करताना पौष-माघात जी चूक होते, तीच इथे होते. इसवी तारीख येते १८ जानेवारी १८६८. म्हणजे राजसत्ता पुन्हा सम्राटाकडे आल्याच्या घोषणेनंतर पंधरा दिवसांनी, आणि सम्राटाची बाजू व तोवर राज्य करणारे तोकुगावा शोगुन यांच्यातली तोबा-फुशिमीची लढाई पेटण्याच्या नऊ दिवस आधी. ही दोन अंतरं लेखात जरूर द्या. नुसत्या तारखेपेक्षा ती जास्त सांगतात.

जपानने ग्रेगोरियन पंचांग घेतलं ते १८७३च्या १ जानेवारीला. मेइजी ५च्या बाराव्या महिन्याच्या २ तारखेनंतर थेट मेइजी ६ची १ जानेवारी उजाडली. त्यामुळे त्याआधीची प्रत्येक तारीख रूपांतरित करून घ्यावी लागते. त्यानंतरच्या तारखांना महिना-दिवस तोच राहतो, फक्त वर्ष बदलायचं. त्यासाठी:

मेइजी वर्ष + १८६७
ताइशो वर्ष + १९११
शोवा वर्ष + १९२५

मेइजी ३८ म्हणजे १९०५, ताइशो १२ म्हणजे १९२३, शोवा २० म्हणजे १९४५. जोडवर्षं दोनच सांभाळायची: १९१२ (३० जुलैला मेइजी संपून ताइशो सुरू) आणि १९२६ (२५ डिसेंबरला ताइशो संपून शोवा सुरू). शोवा १ हे वर्ष अवघं सात दिवसांचं आहे. त्या वर्षाखाली कोणी मार्च-एप्रिलची घटना दाखवत असेल तर ती नोंद बाजूला ठेवा.

वयाचंही तसंच. जुन्या जपानी मोजणीत जन्मताच एक वर्ष धरतात आणि प्रत्येक नववर्षाला एक वाढवतात. त्या हिशेबाने सुझुकी पंतप्रधान झाले तेव्हा ७९ वर्षांचे होते. आपल्या पूर्ण वर्षांच्या हिशेबाने ७७. दोन्ही आकडे साधनांत सापडतील. ७७ लिहा.

गाव, जहागीर आणि त्यातून येणारा अर्थ

जन्म इझुमी प्रांतात झाला, आज ते ठिकाण ओसाकाजवळच्या साकाइ शहरात येतं. पण घराणं मूळचं तिथलं नव्हे. ती सेकियादो जहागिरीची दूरवर पडलेली तुकडा-जमीन होती आणि सुझुकींचे वडील तिथले कारभारी होते. सेकियादो खुद्द पूर्वेकडे, तोने आणि एदो या नद्या फुटतात तिथे, आजच्या चिबा प्रांतात. म्हणून ‘ओसाकाचे सुझुकी’ असं लिहिणं तांत्रिकदृष्ट्या बरोबर असूनही दिशाभूल करणारं आहे.

हे बारकावे कशाला? कारण सेकियादोचे जहागीरदार तोकुगावांचे पिढीजात मांडलिक होते, म्हणजे १८६८ साली हरलेल्या बाजूचे. नव्या नौदलात जिंकलेल्या बाजूच्या सात्सुमा जहागिरीच्या माणसांचा वरचष्मा होता, लष्करात चोशू जहागिरीच्या. हरलेल्या बाजूच्या कारभाऱ्याच्या मुलाला तिथे वशिला नव्हता. मात्र हे ताणून ‘अन्यायाची कहाणी’ करू नका. वर दिलेल्या सहा पंतप्रधानांत सात्सुमाचे एकटे यामामोतो आहेत. साइतो मिझुसावाचे, योनाइ मोरिओकाचे, ओकादा फुकुइचे, कातो हिरोशिमाचे. वशिल्याची भिंत होती, पण परीक्षा आणि युद्धं यांनी तिला लवकरच खिंडारं पाडली.

पुढची ठरलेली चूक नौदल अकादमीची. सुझुकी १८८४ साली दाखल झाले, १८८७ साली १४व्या तुकडीतून बाहेर पडले. ‘एताजिमा येथील अकादमीत शिकले’ हे वाक्य त्यांच्याबाबत चुकीचं आहे, कारण अकादमी तोक्योच्या त्सुकिजीहून एताजिमाला हलली ती १८८८ साली. एताजिमा त्यांच्या आयुष्यात येतं ते १९१८च्या अखेरीस, ते अकादमीचे प्रमुख झाले तेव्हा.

हुद्दे: मराठीत कुठला शब्द कशासाठी

जपानी लष्कर आणि नौदल हुद्द्यांसाठी तेच शब्द वापरत. मराठीत मात्र दोन संच लागतात. नौदलासाठी: ताइशो = ॲडमिरल, च्यूजो = व्हाइस ॲडमिरल, शोशो = रिअर ॲडमिरल, ताइसा = कॅप्टन, च्यूसा = कमांडर, शोसा = लेफ्टनंट कमांडर. लष्करात ताइशो म्हणजे जनरल आणि ताइसा म्हणजे कर्नल. (हुद्द्याचा ‘ताइशो’ आणि राजवटीचा ‘ताइशो’ हे वेगळे शब्द आहेत, देवनागरीत ते सारखे दिसतात, म्हणून हुद्दा मराठी रूपातच लिहावा.)

सगळ्यात जास्त फसवणारा शब्द ‘कॅप्टन’. सुझुकी १९०७ साली नौदलात कॅप्टन झाले. हा मोठ्या युद्धनौकेचा कप्तान होण्याचा हुद्दा. १९३६ साली त्यांच्या घरात शिरलेले आंदो तेरुझो हेही कॅप्टनच, पण लष्करातले, म्हणजे एका कंपनीचे अधिकारी. दोघांमध्ये तीन पायऱ्यांचं अंतर आहे. एकाच लेखात दोन्ही येणार असतील तर ‘लष्करातले कॅप्टन’ असं स्पष्ट लिहा.

पदांच्या बाबतीत नौदलाची तीन शिखरं वेगळी ठेवावी लागतात. नौदलमंत्री पैसा, माणसं आणि जहाजबांधणी बघायचा आणि मंत्रिमंडळात बसायचा. गुन्रेइबु हे युद्धयोजना आखणारं कार्यालय. त्याच्या प्रमुखाला पंतप्रधानाला वळसा घालून थेट सम्राटाला भेटण्याचा हक्क होता. तिसरा संयुक्त ताफ्याचा सरसेनापती, प्रत्यक्ष समुद्रावरचा. सुझुकी १९२४ साली संयुक्त ताफ्याचे सरसेनापती होते, एप्रिल १९२५ ते जानेवारी १९२९ गुन्रेइबुचे प्रमुख होते. नौदलमंत्री ते कधीच नव्हते. १९१४ ते १९१७ या काळात ते उपमंत्री होते, त्यामुळे ‘माजी नौदलमंत्री’ असं ठोकून दिलेलं सापडतं.

समुद्रावरची वर्षं आटोपशीर ठेवा

घ्यायच्या गोष्टी मोजक्या. १८९५ साली चीनविरुद्धच्या युद्धात वेइहाइवेइ बंदरावरच्या रात्रहल्ल्यात पाणतीर-नौकेचं नेतृत्व. १९०१ पासून जर्मनीत मुक्काम. १९०४च्या सुरुवातीला इटलीत बांधलेली ‘कासुगा’ ही चिलखती क्रूझर जपानला आणणं. ती योकोसुकाला पोचली तेव्हा रशियाशी युद्ध सुरू होऊन आठवडा झाला होता. आणि त्सुशिमा, २७–२८ मे १९०५.

त्सुशिमात सुझुकी कमांडर होते आणि चौथ्या विनाशिका-तुकडीचे प्रमुख. दिवसाच्या तोफांच्या लढाईचं श्रेय त्यांना देऊ नका, त्यांचं काम रात्री सुरू झालं. अंधारात अगदी जवळ जाऊन मारा करायचा आणि शत्रूच्या वाटेत दोराने जोडलेले पाणसुरुंग टाकायचे, हे त्या तुकडीचं तंत्र. ‘नव्हारिन’ ही रशियन युद्धनौका या हल्ल्यात बुडाली. असल्या जवळून केलेल्या माऱ्यासाठी लागणाऱ्या कसून सरावामुळे हाताखालची माणसं त्यांना ‘राक्षस कांतारो’ म्हणत. हे टोपणनाव लेखात येऊ द्या, पण ते सरावाच्या कडकपणाबद्दल आहे, क्रौर्याबद्दल नव्हे, हे त्याच वाक्यात सांगा.

इथून पुढे वेग वाढवा. १९१३ रिअर ॲडमिरल, १९१७ व्हाइस ॲडमिरल, १९२३ ॲडमिरल. उपमंत्रिपदाच्या पार्श्वभूमीला मात्र दोन वाक्यं हवीतच: सीमेन्स लाचप्रकरणात १९१४ साली यामामोतो गोन्नोह्योए यांचं मंत्रिमंडळ कोसळलं, नवे नौदलमंत्री याशिरो रोकुरो यांनी यामामोतो आणि साइतो माकोतो यांना राखीव यादीत टाकलं. ही सफाई चालू असताना मंत्रालयाची दुसरी खुर्ची सुझुकींकडे होती. राजकारणाशी त्यांचा पहिला जवळचा संबंध हा, आणि तो भ्रष्टाचाराची घाण उपसताना आला.

एक गोष्ट मात्र कितीही घाई असली तरी गाळू नका. १९१८ साली प्रशिक्षण-ताफा घेऊन ते सॅन फ्रान्सिस्कोला गेले आणि तिथल्या भाषणात म्हणाले की प्रशांत महासागर नावाप्रमाणे शांततेचा आहे. त्यावर सैन्य वाहून नेलं तर दोन्ही देशांवर दैवी कोप होईल. हे भाषण सत्तावीस वर्षांनी परत येतं.

राजवाडा: इथे थांबा

जानेवारी १९२९मध्ये सुझुकींनी गुन्रेइबु सोडलं, राखीव यादीत गेले आणि जिजूचो झाले, म्हणजे सम्राटाच्या निकटच्या सेवकवर्गाचे प्रमुख. दरबारी मानाच्या उतरंडीत हे पद गुन्रेइबुच्या प्रमुखापेक्षा बरंच खाली होतं, त्यामुळे याला ‘बढती’ म्हणू नका. पण सम्राटाला कोण, कधी भेटणार हे ज्याच्या हातून जातं त्याच्या पदाची उंची उतरंडीवर मोजून भागत नाही.

युद्धनौकांवर मर्यादा घालणारा १९३०चा लंडन नौदल करार हे याचं उत्तम उदाहरण. गुन्रेइबुत सुझुकींच्या जागी आलेले कातो कांजी कराराच्या विरोधात होते आणि मंत्रिमंडळाने निर्णय घेण्याआधी सम्राटाला भेटून आपलं म्हणणं मांडू पाहत होते. मंत्रिमंडळाने १ एप्रिलला कराराच्या बाजूने सूचना दिल्या. कातोंची भेट झाली ती २ एप्रिलला. मधली दिरंगाई सुझुकींनी घडवली, असा आरोप झाला. कातो त्यांना ‘कालपर्यंत ज्या खुर्चीत तुम्ही होता तिचाच हक्क तुम्ही अडवला’ असं म्हणू शकत होते, आणि कडव्या गटाने नेमका तोच मुद्दा धरला.

वाचकाला यातला पेच कळावा म्हणून मेइजी राज्यघटनेतली दोन कलमं समजावून द्यावी लागतात. ११व्या कलमानुसार सेना आणि नौदलाचं सर्वोच्च नेतृत्व सम्राटाकडे. १२व्या कलमानुसार सैन्याची रचना आणि संख्याही सम्राट ठरवणार. सैन्याची संख्या हा सेनापतींचा विषय की मंत्रिमंडळाचा? करारविरोधकांच्या मते सेनापतींचा, म्हणून मंत्रिमंडळाने सम्राटाच्या सेनाधिकारावर अतिक्रमण केलं. घटनापंडित मिनोबे तात्सुकिची यांनी सरकारची बाजू घेतली. सुझुकींचं नाव ‘सम्राटाभोवतीच्या दुष्ट सल्लागारां’च्या यादीत गेलं ते इथपासून. हा परिच्छेद गाळला तर १९३६च्या गोळ्या आकाशातून पडल्यासारख्या वाटतात.

२६ फेब्रुवारी १९३६: लष्करातल्या तरुण अधिकाऱ्यांचं बंड. आदल्या संध्याकाळी सुझुकी आणि साइतो माकोतो, दोघंही सपत्नीक, अमेरिकी राजदूत जोसेफ ग्रू यांच्याकडे जेवायला होते. पहाटे पाचच्या सुमारास आंदो तेरुझो यांचे सैनिक सुझुकींच्या निवासस्थानी शिरले. गोळ्या लागून सुझुकी कोसळले. शेवटचा घाव घालायची वेळ आली तेव्हा पत्नी ताका यांनी तो घालू नका म्हणून विनवलं. आंदोंनी थांबून सलामी दिली आणि माणसं बाहेर काढली. साइतो त्याच पहाटे मारले गेले. पंतप्रधान ओकादा वाचले, कारण बंडखोरांनी त्यांच्या मेव्हण्याला, मात्सुओ देन्झो यांना, ओकादा समजून मारलं.

गोळ्यांचा नेमका आकडा लिहायची हौस इथे आवरा. साधनांत तो जुळत नाही. ‘अनेक गोळ्या लागल्या, एक कधीच काढता आली नाही’ एवढं पुरे. ताका यांचा पूर्वेतिहास मात्र द्या. १९१५ साली सुझुकींशी लग्न होण्याआधी सुमारे दहा वर्षं त्या पुढे सम्राट झालेल्या बाल हिरोहितोंच्या संगोपनाच्या कामावर होत्या. १९४५ साली सम्राट ज्या वृद्धाला ‘तुम्हीच हवे’ म्हणतो, तो नवखा माणूस नव्हता: आठ वर्षं रोज भेटलेला, आपल्या माणसांच्या बंडात मरता मरता वाचलेला, आणि ज्याची बायको आपल्याला लहानपणी सांभाळत होती असा तो माणूस होता.

१९४५: दिवसांच्या हिशेबाने लिहा

या भागात महिन्यांनी लिहून चालत नाही. आधीच्या कोइसो मंत्रिमंडळाने ५ एप्रिलला राजीनामा दिला. ज्येष्ठ मुत्सद्द्यांच्या बैठकीतून सुझुकींचं नाव पुढे आलं. सैनिकाने राजकारणात पडू नये हे कारण देऊन त्यांनी नकार दिला, सम्राटाने आग्रह धरला. ७ एप्रिलला मंत्रिमंडळ बनलं आणि त्याच दिवशी ‘यामातो’ ही महानौका बुडाली. राजीनामा १५ ऑगस्टला, पदभार १७ ऑगस्टपर्यंत: दोन्ही टोकं धरून १३३ दिवस.

पुढचा प्रश्न चरित्रकारांना दोन गटांत विभागतो: सुझुकी पहिल्या दिवसापासून शांतता आणायला आले होते का? ‘मनातून त्यांना शांतताच हवी होती’ हे वाक्य सोपं आहे आणि म्हणूनच टाळावं. मनातलं कागदावर नसतं. त्याऐवजी एकमेकांशी न जुळणारे पुरावे शेजारी शेजारी ठेवा:

सुझुकींनी युद्ध आणखी दोन-तीन वर्षं चालेल असं म्हटल्यावर तोगो शिगेनोरी परराष्ट्रमंत्री व्हायला तयार नव्हते. मोकळा हात देण्याचं आश्वासन मिळाल्यावर ९ एप्रिलला ते आले. १२ एप्रिलला रूझवेल्ट वारले तेव्हा दोमेई वृत्तसंस्थेमार्फत सुझुकींची सहानुभूती व्यक्त झाली. ८ जूनच्या शाही परिषदेने शेवटपर्यंत लढण्याचं धोरण मंजूर केलं, पंतप्रधान हजर असताना. दुसऱ्याच दिवशी, ९ जूनला, संसदेच्या ८७व्या असाधारण अधिवेशनात सुझुकींनी १९१८चं सॅन फ्रान्सिस्कोचं भाषण उकरून काढलं, दैवी कोपाच्या शब्दांसकट. लढाऊ भाषणात पेरलेल्या या वाक्यांवरून गदारोळ झाला.

८ आणि ९ जून या दोन तारखा एका परिच्छेदात आणल्या की वाचक स्वतः विचार करू लागतो.

मग ‘मोकुसात्सु’. जपानने शरण यावं असं बजावणारा दोस्त राष्ट्रांचा पॉट्सडॅम जाहीरनामा २६ जुलैचा. २८ जुलैला पत्रकारांपुढे सुझुकी म्हणाले की हा कैरो जाहीरनाम्याचीच पुन्हा शिजवलेली खिचडी आहे, सरकार त्याला फारसं महत्त्व देत नाही, मोकुसात्सु करेल. शब्दात दोन चित्राक्षरं: ‘मौन’ आणि ‘मारणं’. अर्थ ‘दखल न घेणं’पासून ‘तुच्छतेने झटकून टाकणं’पर्यंत जातो. यावर एक लोकप्रिय कथा उभी आहे की भाषांतराच्या चुकीमुळे अणुबाँब पडला. ती जशीच्या तशी घेऊ नका. एक तर त्याच दमात सुझुकींनी युद्ध तडीस नेण्याची भाषा केली, त्यामुळे संदिग्धतेला फारशी जागा उरली नव्हती. दुसरं, बाँब वापरण्याचा लेखी आदेश अमेरिकी वायुदलाचे जनरल स्पाट्झ यांना २५ जुलैला गेला होता, जाहीरनाम्याच्याही एक दिवस आधी. अमेरिकेने नकाराचा हवाला पुढे दिला, हे खरं. पण एका शब्दाने इतिहास वळवला असं लिहिण्याआधी या दोन तारखा समोर ठेवा.

९ ऑगस्टच्या रात्रीची प्रक्रिया नीट उलगडा, कारण सुझुकींची खरी करामत तिथे आहे. सर्वोच्च युद्धमंडळात सहा जण: सुझुकी, तोगो, लष्करमंत्री आनामी कोरेचिका, नौदलमंत्री योनाइ, लष्करप्रमुख उमेझु योशिजिरो, गुन्रेइबुचे प्रमुख तोयोदा सोएमु. सकाळी बैठक चालू असतानाच नागासाकीची बातमी आली. कोणत्या अटींवर शरण जायचं यावर एकमत झालं नाही, मंत्रिमंडळातही नाही. जपानी रिवाजाप्रमाणे मतभेद घेऊन सम्राटापुढे जायचं नसतं, आधी एकमत करायचं आणि सम्राटाने ते ऐकून घ्यायचं. शिवाय शाही परिषद बोलावण्याच्या अर्जावर दोन्ही सेनाप्रमुखांच्या सह्या लागत. मंत्रिमंडळाचे मुख्य सचिव साकोमिझु हिसात्सुने यांनी ‘ऐनवेळी धावाधाव नको’ म्हणून त्या सह्या आधीच घेऊन ठेवल्या होत्या. (साकोमिझु हे ओकादांचे जावई, १९३६ साली सासऱ्यांच्या सुटकेतही त्यांचा हात होता. अशा धाग्यांसाठी एक वंशवृक्ष शेजारी ठेवावा.)

मध्यरात्रीच्या जरा आधी राजवाड्याच्या भुयारात परिषद भरली. प्रिव्ही कौन्सिलचे (सम्राटाच्या सल्लागार मंडळाचे) अध्यक्ष हिरानुमा किइचिरो यांनाही बोलावलेलं होतं. तोगो, योनाइ, हिरानुमा जाहीरनामा स्वीकारण्याच्या बाजूला. आनामी, उमेझु, तोयोदा आणखी अटींसाठी अडलेले. तीन विरुद्ध तीन. सुझुकींनी स्वतःचं मत दिलं असतं तर चार-तीन झालं असतं आणि लष्कराने ‘मतमोजणीने शरणागती’ म्हणून ती झुगारली असती. त्यांनी मत दिलं नाही. उठून सम्राटाकडे गेले आणि निर्णय मागितला. ‘सुझुकींनी शरणागतीच्या बाजूने मत दिलं’ असं वाक्य लेखात असेल तर ते खोडा.

दुसरी परिषद १४ ऑगस्टला. या वेळी सह्या मिळणार नव्हत्या, म्हणून सम्राटानेच बोलावणं काढलं. हा फरक नोंदवायला विसरू नका. १५च्या पहाटे आनामींनी आत्महत्या केली, सकाळी शरणागतीला विरोध करणाऱ्या बंडखोर सैनिकांनी सुझुकींचं घर जाळलं. सुझुकी थोडक्यात निसटलेले होते.

कुठे शोधायचं, कशावर किती विश्वास ठेवायचा

नेमणुकांच्या तारखांसाठी सरकारी राजपत्र, ‘कान्पो’. त्याचे जुने अंक जपानच्या राष्ट्रीय संसद ग्रंथालयाच्या डिजिटल संग्रहात आहेत. राजपत्राचा अंक नेमणुकीनंतर निघतो, तेव्हा अंकाची तारीख उचलू नका, आतल्या आदेशाची उचला. मूळ नौदल कागदपत्रांसाठी आशियाई ऐतिहासिक अभिलेखांचं जपान केंद्र. २००१ पासून त्याचा संग्रह इंटरनेटवर फुकट पाहता येतो. ९ जूनच्या भाषणासाठी शाही संसदेच्या इतिवृत्तांचा शोध-संग्रह.

शोध रोमन लिपीत घेतला तर निम्मं हाती लागत नाही. संसद ग्रंथालयाच्या व्यक्तिचित्र-पानावरून नाव चित्राक्षरांत उचला आणि तेच चिकटवा. साइतो माकोतो किंवा यामामोतो गोन्नोह्योए यांच्याबाबत जुन्या आणि नव्या, दोन्ही वळणांच्या अक्षरांनी शोधा, कारण युद्धपूर्व कागदांत अक्षरं वेगळी आहेत. सुझुकींच्या नावात ही अडचण येत नाही.

सुझुकींच्या स्वतःच्या आणि साकोमिझु यांच्या आठवणी युद्धानंतरच्या आहेत. प्रसंगाचं वातावरण, कोण कुठे बसलं होतं, कोणाचा आवाज चढला, यासाठी त्या उत्तम. हेतूंसाठी सावधपणे वापराव्यात. १९४६ साली प्रत्येकाला आपण आधीपासून शांततावादी होतो हे आठवत होतं. तारखांसाठी अजिबात वापरू नयेत.

शेवट कुठे करायचा

बहुतेक लेख १५ ऑगस्टला संपतात. ते घाईचं आहे. पंतप्रधान होण्याआधी होते तसे सुझुकी डिसेंबर १९४५मध्ये पुन्हा प्रिव्ही कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि जून १९४६पर्यंत राहिले. ८ जून १९४६ला याच मंडळाने नव्या राज्यघटनेचा मसुदा मंजूर केला. विरोधात उभे राहिले एकटे मिनोबे तात्सुकिची, १९३०च्या कराराच्या वेळी सरकारची बाजू घेणारे तेच. अध्यक्षपदी सुझुकी. पुढच्या वर्षी ती राज्यघटना लागू झाली आणि प्रिव्ही कौन्सिलच उरलं नाही.

मृत्यू १७ एप्रिल १९४८, सेकियादोला. हे गाव २००३ साली नोदा शहरात विलीन झालं, त्यामुळे त्यांच्या स्मारक-संग्रहालयाची माहिती ‘नोदा’ नावाखाली शोधावी लागते.